फीड कोण लावतं, आणि ते आपल्याला किती कळतं?

अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. फेसबुक वापरणाऱ्या ४० जणांना त्यांनी पडद्यावर दोन रकाने शेजारी शेजारी दाखवले. एका रकान्यात त्या व्यक्तीच्या मित्रमंडळींनी आणि तिने फॉलो केलेल्या पेजेसनी टाकलेलं सगळं होतं. दुसऱ्यात फेसबुकने त्यातलं जे तिच्या फीडसाठी, म्हणजे ॲप उघडल्यावर एकाखाली एक दिसणाऱ्या पोस्टच्या यादीसाठी, निवडलं होतं, तेवढंच. फरक पाहून बरेच जण चक्रावले. ४० पैकी २५ जणांना तोवर अशी काही निवड होते हेच माहीत नव्हतं. मित्र टाकतात आणि आपल्याला दिसतं, इतका त्यांचा समज सरळ होता.

या आकड्यापेक्षा मला त्याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. एखाद्या मैत्रिणीच्या पोस्ट बरेच दिवस दिसल्या नाहीत, तर या लोकांनी त्याचा अर्थ माणसांवरून लावला होता. ती हल्ली काही टाकत नसेल. तिने आपल्याला मुद्दाम वगळलं असेल. आपण तिला तेवढे जवळचे वाटत नसू. प्रत्यक्षात ती टाकत होती, फक्त क्रमवारीत तिच्या पोस्ट इतक्या खाली गेल्या होत्या की तिथवर कुणी पोहोचतच नव्हतं. गणिताने केलेली निवड माणसाच्या नावावर खपून गेली होती. अशी निवड करणारे गणिती नियम म्हणजे अल्गोरिदम. तो न कळण्याची किंमत अशी नात्यांमध्ये मोजली जाते, म्हणून हा विषय फक्त तंत्रज्ञांवर सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

याच संशोधकांनी काही महिन्यांनी त्या लोकांना पुन्हा गाठलं. निवड होते हे कळल्यामुळे कुणी फेसबुकला रामराम ठोकला असेल असं वाटेल, पण तसं झालं नव्हतं. बरेच जण उलट जास्त सजगपणे वापरू लागले होते आणि फीडवर आपला थोडाफार ताबा आहे असं त्यांना वाटू लागलं होतं.

माहीत असणं आणि कळणं

२०१५ नंतर ‘अल्गोरिदम’ हा शब्द घरोघरी पोहोचला. रील कमी चालली की अल्गोरिदमला बोल लावला जातो. पण शब्द माहीत असणं वेगळं आणि तो काय करतो ते कळणं वेगळं. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या सर्वेक्षण संस्थेने २०१८ मध्ये फेसबुक वापरणाऱ्या प्रौढांना विचारलं, की अमुकच पोस्ट तुमच्या फीडमध्ये का येतात ते तुम्हाला कळतं का? ५३ टक्के लोकांनी सांगितलं की नीट कळत नाही. नॉर्वेसारख्या, इंटरनेट जवळजवळ सगळ्यांकडे असलेल्या देशात झालेल्या आणि २०२१ साली छापून आलेल्या अभ्यासात ६१ टक्के लोकांनी आपल्याला अल्गोरिदमची जाणीव अजिबात नाही किंवा फार कमी आहे असं सांगितलं.

यात लोकांचा दोष काढणं मला अन्यायाचं वाटतं. ही गोष्ट नजरेला पडू नये अशाच रीतीने बनलेली आहे. फेसबुकने २००६ च्या सप्टेंबरात न्यूज फीड सुरू केली. ट्विटर आणि इन्स्टाग्राम अनेक वर्षं ‘जे नवं ते वर’ या क्रमाने चालत आणि २०१६ मध्ये दोघांनीही क्रमवारी लावायला सुरुवात केली. त्या बदलानंतरही पडदा आधीसारखाच दिसत राहिला. एकाखाली एक पोस्ट, अंगठ्याने वर सारायचं. कुठली पोस्ट गळली याचा पडद्यावर कुठेही पत्ता लागत नाही. शिवाय छापील वर्तमानपत्राचं पहिलं पान सगळ्यांना सारखं दिसतं, त्यामुळे संपादकाने काय वर घेतलं आणि काय दाबलं यावर निदान चर्चा तरी होते. फीड प्रत्येकाची वेगळी. तुलना करायला दुसरी प्रतच हातात नसते, मग निवड झाली आहे हे कळणार कसं?

गुणांची बेरीज

आत काय चालतं ते समजायला अवघड नाही. मोठ्या प्लॅटफॉर्मवर एकच अल्गोरिदम नसतो. फीडसाठी एक, शोधासाठी दुसरा, रील्ससाठी तिसरा, आणि प्रत्येकाच्या पोटात आणखी लहान लहान. पण कामाची चाल साधारण सारखी असते. आधी प्रचंड ढिगातून काही शे किंवा हजार पोस्ट प्राथमिक फेरीसाठी उचलायच्या. मग त्यातल्या प्रत्येकीबद्दल अंदाज बांधायचे: ही व्यक्ती या पोस्टवर थांबेल का, लाइक करेल का, उत्तर लिहील का, दुसऱ्याला पाठवेल का, की वैतागून लपवेल? प्रत्येक अंदाजाला ठरलेल्या वजनाने गुणायचं, बेरीज करायची, आणि बेरजेच्या उतरत्या क्रमाने पोस्ट मांडायच्या. शेवटी थोडी आवराआवर: एकाच खात्याच्या पोस्ट लागोपाठ येऊ द्यायच्या नाहीत, ब्लॉक केलेल्यांच्या काढायच्या, मधे जाहिराती घालायच्या.

ही वजनं एरवी कंपनीच्या आतच राहतात. ३१ मार्च २०२३ ला ट्विटरने आपल्या शिफारस यंत्रणेचा बराचसा कोड उघड केला आणि त्याच सुमारास वजनंही जाहीर झाली, म्हणून आपल्याला एकदा तरी खरे आकडे पाहायला मिळाले. ट्विटरच्या म्हणण्यानुसार प्रत्येक वेळी सुमारे १,५०० ट्विट्स पहिल्या फेरीत येत. त्यातली सरासरी निम्मी तुम्ही फॉलो करत असलेल्यांची आणि निम्मी तुम्ही फॉलो न केलेल्यांची. हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. मग गुण: लाइकला ०.५, रीट्विटला १, उत्तर लिहिण्याला १३.५. तुम्ही लिहिलेल्या उत्तरावर मूळ लेखकानेही प्रतिसाद दिला तर ७५. ‘हे नको’ असं सांगण्याला उणे ७४ आणि तक्रार करण्याला उणे ३६९.

या आकड्यांवर एकदा पेन्सिल घेऊन बसावं, कारण फीडमधल्या पुष्कळ कोड्यांची उत्तरं इथेच आहेत. समजा एका मित्राने सुंदर फोटो टाकला. तुम्ही तो लाइक कराल याची शक्यता यंत्राला २० टक्के वाटते आणि उत्तर लिहाल याची ०.२ टक्के. गुण झाले ०.१० अधिक ०.०२७, म्हणजे ०.१२७. दुसरीकडे एका अनोळखी माणसाचं डोकं फिरवणारं मत. तुम्ही ते लाइक करण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के, पण न राहवून उत्तर ठोकाल याची २ टक्के. गुण ०.०२ अधिक ०.२७, म्हणजे ०.२९. मित्राचा फोटो खाली गेला आणि अनोळखी माणसाचं भांडण दुपटीहून जास्त गुणांनी वर आलं. तुम्हाला चिडवावं असं कुणी ठरवलेलं नाही. उत्तर लिहिण्याचं वजन लाइकच्या २७ पट ठेवलं, एवढंच कुणीतरी ठरवलं होतं.

आता त्याच मतावर तुम्ही तक्रार कराल अशी हजारात एक शक्यता धरू. ०.१ टक्का गुणिले ३६९ म्हणजे ०.३६९ वजा. ०.२९ ची पोस्ट शून्याखाली जाते. तक्रारीच्या बटणाचं बळ एवढं असतं, तरी बहुतेक जण नावडत्या पोस्टला तक्रारीऐवजी रागाने उत्तर देतात. यंत्राच्या लेखी ते उत्तर पसंतीचंच. वजनं पुढे बदलत राहतात आणि प्रत्येक कंपनीची वेगळी असतात, त्यामुळे हे आकडे पाठ करण्यात अर्थ नाही. वजन कुठल्या कृतीला जास्त दिलं यावर फीडचा स्वभाव ठरतो, हे मात्र त्यातून स्वच्छ दिसतं.

फेसबुकचं उदाहरण याच जातीचं आहे. २०१७ पासून तिथे प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख, राग या इमोजींना साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. रागावलेल्या चेहऱ्यालाही पाचपट. जास्त राग ओढून घेणाऱ्या पोस्टमध्ये खोटी माहिती आणि विखार जास्त असतो असं कंपनीच्याच माणसांना दिसलं. २०२० मध्ये रागाच्या इमोजीचं वजन शून्यावर आणलं गेलं. बाहेरच्या जगाला हा तपशील कळला २०२१ मध्ये, तिथल्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणल्यावर. मधली वर्षं कोट्यवधी लोक रागाचं चिन्ह दाबून ‘हे मला आवडलेलं नाही’ असं सांगत होते आणि यंत्र त्याचा अर्थ ‘आणखी दाखवा’ असा घेत होतं. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात याहून मोठा गैरसमज मला दुसरा आठवत नाही.

इथेच वापरणाऱ्यांच्या समजुतीतली सगळ्यात मोठी फट आहे. आपल्याला वाटतं की फीड आपल्या आवडीनिवडीवर चालते. ती चालते आपल्या वागण्यावर, आणि आवड व वागणं यांत पुष्कळ अंतर असतं. अपघाताचा व्हिडिओ आवडतो म्हणून कुणी पाहत नाही, तरी नजर तिथे अडकते. यूट्यूबने २०१२ मध्ये किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला याला जास्त महत्त्व द्यायला सुरुवात केली. टिकटॉकने २०२० मध्ये स्वतःच सांगितलं की मोठा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणं हा त्यांच्यासाठी बळकट संकेत असतो. इन्स्टाग्राममधला एक अंदाज तर तुम्ही त्या पोस्टवर काही सेकंद थांबाल का, याचाच असतो. तुम्ही काहीही दाबलं नाही, कुणाला फॉलो केलं नाही, तरी तुम्ही यंत्राशी बोलत असता. थांबणं हेच बोलणं.

आणि ‘हा अल्गोरिदम मला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो’ हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं, त्याबद्दलही थोडं. त्याला तुम्ही दुःखी आहात हे कळावं लागत नाही. अमुक प्रकारच्या तीन व्हिडिओंवर थांबलेले लाखो लोक चौथ्या कुठल्या व्हिडिओवर थांबले, एवढी आकडेवारी त्याला पुरते. ओळख वाटावी इतका अंदाज जुळतो, तो तुमच्यासारखं वागणारे पुष्कळ असतात म्हणून. मला स्वतःला हे कळल्यावर हायसं वाटलं होतं.

फोन ऐकतो का?

खरी माहिती मिळत नसली की माणसं आपापल्या अनुभवातून उपपत्ती रचतात. संशोधक यांना लोकसमजुती म्हणतात आणि त्यांचा गांभीर्याने अभ्यास करतात, ते मला योग्य वाटतं. त्या नुसत्या वेडगळ नसतात. बहुतेकींत सत्याचा एक कण असतो.

सगळ्यात पसरलेली समजूत म्हणजे फोन आपलं बोलणं ऐकतो आणि त्यावरून जाहिराती दाखवतो. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप्स तपासली. माइक गुपचूप सुरू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. काही ॲप्स मात्र पडद्यावर आपण काय करतो त्याची चित्रं किंवा व्हिडिओ तिसऱ्याच कंपन्यांना पाठवत होती. म्हणजे संशय रास्त होता, रोख चुकला होता.

मग ज्याबद्दल बोललो त्याचीच जाहिरात कशी येते? तुमच्यासोबत बसलेल्या मित्राने तीच वस्तू त्याच्या फोनवर शोधलेली असू शकते, आणि तुम्ही दोघं एकाच वाय-फायवर, एकाच जागी आहात हे दिसत असतं. तुम्ही वेबसाइटवर काही पाहिलं तर त्या साइटवर बसवलेला मागोवा घेणारा कोड ते जाहिरात कंपनीला कळवतो. आणि बोलण्याशी न जुळलेल्या शेकडो जाहिराती आपण विसरतो, जुळलेली एक लक्षात ठेवतो. प्यूच्या ज्या दुसऱ्या सर्वेक्षणाचा निकाल जानेवारी २०१९ मध्ये आला, त्यात अमेरिकेतल्या ७४ टक्के फेसबुक वापरकर्त्यांना हे माहीत नव्हतं की त्यांच्या आवडीनिवडींची आणि वैशिष्ट्यांची यादी फेसबुककडे तयार आहे आणि ती सेटिंग्जमध्ये जाऊन पाहता येते. ऐकणाऱ्या माइकची भीती सगळ्यांना, आणि उघड्यावर ठेवलेली यादी कुणी पाहिलेली नाही.

दुसरी समजूत संदेशांतून फिरते: ‘फेसबुक आता फक्त २५ मित्रांच्याच पोस्ट दाखवतं, खाली कमेंट करा म्हणजे मी तुम्हाला दिसेन.’ अशी कुठलीही मर्यादा नाही, हे फेसबुकने स्पष्ट केलेलं आहे. पण कमेंट केली की त्या दोघांमधली देवाणघेवाण नोंदली जाते आणि पुढे काही काळ एकमेकांच्या पोस्ट जास्त दिसू शकतात. खोट्या संदेशाने सांगितलेला उपाय थोडासा लागू पडतो, म्हणून तो संदेश मरत नाही.

तिसरी समजूत भाषेवर परिणाम करते, आणि तिची मला खरी काळजी वाटते. मृत्यू, हत्या, बलात्कार असे शब्द लिहिले तर पोस्ट दाबली जाते असं मानून लोक ते शब्द मधे चांदणी घालून तोडतात किंवा भलतेच पर्यायी शब्द वापरतात. प्लॅटफॉर्म काही मजकूर न सांगता मागे ढकलतात हे खरं आहे. मात्र नेमका कुठला शब्द लिहिल्याने, कुठे, किती, हे लिहिणाऱ्याला तपासायची सोय नाही. परिणामी न तपासता आलेल्या नियमाच्या भीतीने माणसं आपल्यावरच्या अत्याचाराबद्दलही कुजबुजत्या भाषेत लिहू लागली आहेत.

बटणं किती कामाची?

यंत्र कळलं तरी ते वळवता येतं का, हा पुढचा प्रश्न. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनने २०२२ मध्ये यूट्यूबवर तो तपासला. २२ हजारांहून जास्त स्वयंसेवकांनी आपल्याला होणाऱ्या शिफारशींची माहिती दिली. नको असलेल्या व्हिडिओवर बटण दाबल्यानंतर तशाच शिफारशी किती घटतात हे त्यातून मोजलं गेलं. ‘डिसलाइक’ने नकोशा शिफारशींपैकी १२ टक्केच अडल्या, ‘यात रस नाही’ने ११ टक्के. पाहिलेल्या व्हिडिओंच्या इतिहासातून तो व्हिडिओ काढून टाकल्यावर २९ टक्के, आणि ‘या चॅनलची शिफारस करू नका’ने ४३ टक्के. सर्वांत परिणामकारक बटणही निम्म्यापर्यंत पोहोचलं नाही.

या आकड्यांत एक उपयोगी गोष्ट आहे. आपलं मत सांगणारी बटणं सर्वांत लंगडी निघाली, आणि ज्यांनी यंत्राचा कच्चा माल बदलतो, म्हणजे इतिहास पुसणं किंवा एखादा स्रोतच तोडणं, ती जास्त चालली. म्हणून फीड बिघडली असं वाटत असेल तर ‘नावडलं’ दाबत बसण्यापेक्षा पाहिल्याचा आणि शोधल्याचा इतिहास साफ करावा, खाती म्यूट किंवा ब्लॉक करावीत, आणि नको त्या पोस्टवर न रेंगाळता पुढे सरकावं. ज्याच्या पोस्ट हव्या आहेत त्याच्या प्रोफाइलवर स्वतः जावं. जवळच्या कुणाचं बरेच दिवस काही दिसलं नाही, तर निष्कर्ष काढण्याआधी त्याचं पान उघडून पाहावं.

क्रमवारीच बंद केली तर सगळं सुधारेल, असंही पुष्कळांना वाटतं. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं गेलं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या हजारो संमतीदार वापरकर्त्यांना तीन महिने ‘जे नवं ते वर’ अशी फीड दिली गेली. निकाल २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. लोकांचा ॲपवरचा वेळ बराच घटला. फेसबुकवर असभ्य भाषेचा मजकूर कमी झाला. पण राजकीय मजकूर आणि बेभरवशाच्या स्रोतांचा मजकूर दोन्ही वाढले, आणि लोकांच्या राजकीय मतांमध्ये मोजता येईल असा फरक पडला नाही. वेळेचा क्रमही निवडच आहे, त्यात जो जास्त वेळा टाकतो तो जास्त दिसतो.

तरीही निवड आपल्या हातात असावी, हा आग्रह मला सोडवत नाही. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्याने ऑगस्ट २०२३ पासून फार मोठ्या प्लॅटफॉर्मना दोन गोष्टी बंधनकारक केल्या: शिफारशी मुख्यतः कशावर ठरतात ते सोप्या भाषेत सांगणं, आणि वापरणाऱ्याच्या वागण्याच्या नोंदींवरून बांधलेल्या प्रोफाइलवर न बेतलेली एक तरी फीड उपलब्ध करून देणं. कंपन्यांनी पर्याय दिला, पण इन्स्टाग्रामवर तो निवडून ॲप बंद केलं आणि पुन्हा उघडलं की जुनीच फीड परत येत असे. नेदरलँड्समधल्या बिट्स ऑफ फ्रीडम या संस्थेने त्यावर फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाला न्यायालयात खेचलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने निकाल दिला की तिथल्या वापरकर्त्याने प्रोफाइलिंगशिवायची फीड एकदा निवडली, की ॲप बंद करून उघडलं तरी ती निवड टिकली पाहिजे.